दहा ठिपके

बाबांनी गाडीच्या इंजिनावरच्या रॉकर कव्हरचा शेवटचा नट काढून शर्टाच्या खिशात टाकला आणि कव्हर दोन्ही हातांनी वर ओढलं. ते हलेना. मग त्यांनी हातोडीच्या दांड्याने कडेला दोनदा ठोकलं, तेव्हा कुठे ते सुटलं आणि जळक्या तेलाचा वास गॅरेजभर पसरला.

"धर," ते म्हणाले.

मुलीने ते धरलं आणि खाली पसरलेल्या जुन्या चादरीवर ठेवलं. सकाळी आठपासून ती हेच करत होती. बाबा धर म्हणाले की धरायचं, ठेव म्हणाले की ठेवायचं. रविवार होता आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

आई जाऊन एकवीस दिवस झाले होते. या एकवीस दिवसांत मुलगी वेळेवर जेवली होती, औषधांच्या दुकानातल्या नोकरीवर परत गेली होती, कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर हे गिऱ्हाइकांना न चुकता सांगत होती. रडू मात्र एकदाही आलं नव्हतं. पोरीने किती धीर धरलाय, असं लोक म्हणत. धीरबीर काही नव्हता. दाताच्या डॉक्टरने हिरडी बधिर करून आत काहीतरी खुडबुड करावी आणि आपल्याला नुसती खुडबुड कळावी, तसं तिचं चाललं होतं.

बाबांचंही फारसं वेगळं नव्हतं. चाळीस वर्षं बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडण्यात आणि मिटण्यात गेलेला हा माणूस, पण बंद पडलेली स्वतःची गाडी ओढून आणून गॅरेजात ढकलल्यापासून तिच्याकडे फिरकला नव्हता. काल मामा आले आणि म्हणाले, "भावोजी, भंगारात देऊन टाका ती. डोळ्यांसमोर कशाला हवी?"

"आधी उघडून बघतो," बाबा म्हणाले. "हेड मी बसवलंय तिचं. माझ्या हातून काही राहिलं असेल तर मला कळायला हवं."

"आता कळून काय करणार?"

त्यावर बाबांनी मामांच्या हातातला अर्धा भरलेला कप उचलला आणि धुवायला नेला.

त्या दिवशी आईच्या छातीत कळ आली तेव्हा बाबा घरी नव्हते. मुलीनेच आईला गाडीत बसवलं आणि ती निघाली. पुलाच्या मध्यावर इंजिन तापून बंद पडलं, पुढून पांढरी वाफ येऊ लागली, आणि दुसरी गाडी थांबेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. बाबा दवाखान्यात पोचले तेव्हा "जरा आधी आणलं असतं तर," असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य तसंच सोडून त्यांनी कागदावर सही केली. ते अर्धं वाक्य दोघांबरोबर घरी आलं आणि इथेच राहिलं. बाबांना वाटत होतं, ते आपल्याला उद्देशून आहे. दोन वर्षांपूर्वी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवून, खाली पाणी अडवणारं नवीन गॅस्केट घालून ते पुन्हा त्यांनीच बसवलं होतं. मुलीला पक्कं ठाऊक होतं की ते तिला उद्देशून आहे. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेलेला तिने पुलाच्या बऱ्याच अलीकडे पाहिला होता. आईचा श्वास तेव्हा घरघरत होता, आणि ती थांबली नव्हती. हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं.

कव्हर निघालं तसं हेड उघडं पडलं. ते दहा बोल्टांनी खालच्या ब्लॉकला आवळलेलं होतं. बाबा वाकले आणि अंगठ्याने एकेक बोल्ट चाचपू लागले.

"दहा आहेत ना? बघ बरं. चष्म्याशिवाय मला नुसतं काळं दिसतंय."

काय मोजायचं ते तिला सांगावं लागलं नाही. हेडचे बोल्ट बाबा तीन फेऱ्यांत आवळत. पहिली फेरी हलक्या हाताची, दुसरी मधली, तिसरी पक्की. तिसरी फेरी झाली की त्या बोल्टच्या माथ्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. ठिपका नाही म्हणजे बोल्ट पक्का झालेला नाही, इतकं ते सरळ होतं. डेपोत त्यांना सगळे ठिपकेवाले म्हणत. त्यांनी मिटलेलं इंजिन उघडलं की कुणाचं काम आहे ते विचारावं लागत नसे. बाटली अर्थातच आईची असायची. "माझी नखं राहिली बाजूला, बायको तुमची ते इंजिन आहे," असं ती म्हणायची, आणि पुढच्या महिन्यात लाल रंगाच्या दोन बाटल्या आणायची.

मुलीने मोजले. तेलाने तपकिरी पडलेले असले तरी ठिपके ओळखू येत होते. नऊ. तिने दुसऱ्या टोकापासून पुन्हा मोजले. मागच्या कोपऱ्यातल्या बोल्टवर काहीच नव्हतं.

"दहा," ती म्हणाली.

दुकानात लहान मुलांना औषध अजिबात कडू नाही म्हणून ज्या आवाजात सांगायची, तोच आवाज लागला.

"नीट मोजलेस?"

"दोनदा."

बाबा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "चष्मा आणतो," ते म्हणाले आणि आत गेले.

चष्मा शोधणं हे बाबांचं एकट्याचं काम कधीच नव्हतं. आई घरात असेल तिथून सांगायची, फ्रिजवर बघा, नाहीतर डोक्यावर बघा. आता आतून एकेक खण उघडल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज येत होता. मुलीने हत्यारांची पेटी उघडली. बाटली पान्यांच्या खाली होती. झाकण इतकं घट्ट बसलं होतं की तिला ते ओढणीत धरून फिरवावं लागलं. रॉकेलच्या फडक्याने तिने कोपऱ्यातला बोल्ट पुसला आणि ब्रशने एक ठिपका ठेवला. तो फारच लाल दिसला. बाकीच्या नऊजणांत एकटाच नवा कपडा घालून आल्यासारखा. तिने बोटाला तेल लावून त्यावर फिरवायला घेतलं, पण रंग अजून ओला होता. तिने फुंकर मारली, परत मारली. दाराशी चपला वाजल्या तशी बाटली पेटीत कशीबशी कोंबून ती बाजूला झाली.

बाबांनी चष्मा लावला होता. ते वाकले आणि अंगठा पुन्हा एकेका बोल्टवरून नेऊ लागले. कोपऱ्यातल्या बोल्टपाशी अंगठा थांबला, आणि बराच वेळ तिथेच राहिला.

"त्या दिवशी मधेच हाक मारली होती तिने," ते म्हणाले. "कसल्यातरी बरणीचं झाकण निघत नव्हतं. हात धुतले, आत गेलो, झाकण काढून दिलं. मग जेवूनच घ्या म्हणाली. परत आलो आणि कव्हर लावून टाकलं. सगळं झालंय असंच डोक्यात होतं."

मुलगी फडक्याला बोटं पुसत राहिली.

"पण दहा आहेत," बाबा म्हणाले.

"हो."

त्यांनी लांब पाना घेतला. बाहेरच्या बोल्टांपासून आतल्यांकडे, एकेक थोडाथोडा सैल करत ते निघाले. प्रत्येक बोल्ट सुटताना कट्ट असा आवाज व्हायचा आणि बाबांचे खांदे हलायचे. कोपऱ्यातल्या बोल्टला आवाज झाला नाही. पाना लोण्यात फिरावा तसा फिरला. बाबांनी वर पाहिलं नाही. निघालेला प्रत्येक बोल्ट ते पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकांत त्याच्या त्याच्या जागी खोचत गेले. तोही तसाच खोचला.

हेड दोघांनी मिळून उचललं. बाबांनी ते सरळ घरात आणलं आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवलं. मग दोघंही तिथेच उभी राहिली. टेबलावर साधा स्क्रू ठेवला तरी आतून आवाज यायचा, हे जेवायचं टेबल आहे, डेपो नाही. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. फ्रिज घरघरत होता. मुलीने खुर्चीची पाठ धरली.

बाबा गॅस्केट घेऊन आले आणि त्यांनी ते खिडकीशी उजेडात धरलं. एका जागी त्याची कड जळून काळी पडली होती. तिथूनच पाणी गेलं होतं. कुठला कोपरा ते शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

"गॅस्केटच हलकं निघालं," ते म्हणाले. "माल खराब. बसवणाऱ्याचा दोष नाही त्यात." मग थोड्या वेळाने, "चालवणाऱ्याचाही नाही."

मुलीने खुर्चीची पाठ सोडली.

"बाबा, काटा लाल झालेला मी पाहिला होता. पुलाच्या खूप आधी."

"पाहणारच. समोरच असतो तो."

"मी थांबले नाही."

"थांबली असतीस तर तुम्ही दोघी पुलाच्या अलीकडेच बसून राहिल्या असतात," बाबा म्हणाले. "आई गाडीत तशी असताना कोण थांबतं? मीही थांबलो नसतो." त्यांनी गॅस्केटची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली, आणि ते केराच्या टोपलीत टाकलं. उघडलेल्या इंजिनाचं जुनं गॅस्केट ते नेहमी खिळ्याला टांगून ठेवत. गॅरेजच्या भिंतीवर अशी कितीतरी होती.

मग ते बेसिनशी जाऊन हात धुऊ लागले. साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. तेल गेलं. उजव्या अंगठ्यावर मात्र एक लाल डाग होता, ताजा, आणि तो साबणाने जाणारा नव्हता. मुलीने तो पाहिला. तिने पाहिलेलं त्यांना समोरच्या आरशात दिसलं.

बाबांनी नळ बंद केला.

"पेटीत ती बाटली उघडीच राहिली आहे," ते पाठमोरेच म्हणाले. "झाकण घट्ट लाव. वाळून जाईल. आणायला आता कोणी नाही."

मुलगी गॅरेजात गेली. बाटली आडवी पडली होती आणि एका पान्यावर थोडा रंग सांडला होता. तिने बाटली पुसली, झाकण बसवलं आणि हलक्या हाताने फिरवलं. मग आणखी थोडं. तिसऱ्या वेळी तिला नीट दिसेनासं झालं, तरी ते पक्कं बसेपर्यंत ती फिरवत राहिली.