डाव्या कुशीतले तीन छर्रे

मित्रांनो, मी एक जुने लाकडी कबूतर आहे आणि फसवणे हा माझा धंदा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही म्हणायला नको की याने आपल्यालाही गंडवले. पण मी आजवर फसवली ती फक्त खरी कबुतरे. माणसांच्या लबाडीत मला एकदाच ओढायचे घाटत होते. ती गोष्ट मी आज पूर्ण सांगणार आहे, माझ्या मालकाला आवडो न आवडो.

माझा मालक विल्फ ऑल्डस. इंग्लंडमधल्या सफोककडच्या एका खेड्यातला सुतार. त्याने मला कोंबड्यांच्या खुराड्याच्या मोडक्या दारातून कोरून काढले. त्या एका दारातून आम्ही नऊ भावंडे निघालो. अंगाला करडा रंग, छातीला फिका गुलाबी आणि मानेवर पांढरा पट्टा. तो पट्टा विल्फच्या बायकोने, विनीने, खिडक्यांना लावून उरलेल्या रंगातून काढला. आकाशातून जाणाऱ्या रानकबुतराला सगळ्यात आधी तो पट्टाच दिसतो. रंग मात्र चकाकणारा चालत नाही. खाली काही चकाकले की पाखरू वळते आणि पुन्हा त्या बाजूला फिरकत नाही.

माझे काम सोपे होते. वाटाण्याच्या शेतात काडीवर बसायचे, तोंड वाऱ्याकडे ठेवायचे आणि पोटभर जेवत असल्यासारखे दिसायचे. आम्हाला पाहून खरी कबुतरे उतरू लागत आणि जाळीच्या लपणात बसलेला विल्फ बंदूक उचलत असे. त्याचे मला वाईट वाटत नाही का? वाटते. पण कबुतरांचा थवा दोन दिवसांत अर्धे शेत साफ करतो, हेही मी माझ्या रंगवलेल्या डोळ्यांनी पाहिले आहे.

माझे कौतुकही पुष्कळ झाले. शेताचे जुने मालक क्रॅकनेल यांच्या मांजरीने एकदा माझ्यावर झडप घातली होती. तिच्या दाताची खूण माझ्या शेपटीवर आहे. क्रॅकनेल सगळ्यांना सांगत सुटले, "विल्फचं कबूतर इतकं खरं की आमच्या मांजरीचा दात पडला!" दात काही पडला नव्हता. पण मी ते खोडून काढले नाही.

चौतीस वर्षे विल्फ त्या शेतांवर गेला. निघण्याआधी फोन करायचा. फाटक उघडले तसे लावायचे. रिकामी काडतुसे एकूण एक वेचायची. जखमी पाखरू पडले तर आधी ते उचलायचे आणि मगच बंदूक भरायची. जाताना शेताच्या मालकाच्या दाराशी कबुतरांची एक जोडी ठेवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे शेतात आणखी कोणी बंदूकवाला असेल तर त्याला सांगितल्याशिवाय आपली जागा सोडायची नाही. हे सगळे तो इतक्यांदा बोलून दाखवायचा की विनी कानावर हात ठेवायची.

क्रॅकनेल वारले आणि शेत त्यांच्या मुलीकडे, हेस्टरकडे आले. त्या वर्षी कबुतरे फार झाली म्हणून तिने दुसऱ्या एका माणसालाही परवानगी दिली. त्याचे नाव नेव्हिल पास्क. शहरात त्याचे बुटांचे दुकान होते. पहिल्याच शनिवारी तो ओकच्या रानाच्या कोपऱ्यावर जाऊन बसला. म्हणजे कबुतरे रानातून निघून विल्फच्या शेताकडे येतात, नेमकी त्या वाटेवर. सगळी पाखरे तिथूनच उधळली. विल्फला दिवसभरात एक पीसही मिळाले नाही.

विल्फ तरातरा हेस्टरच्या दारात गेला. पोत्यातून मी सगळे ऐकत होतो.

"त्या बूटवाल्याला कोणी शिकवलंय की नाही? दुसऱ्याच्या वाटेत आडवा बसतो! तुझ्या वडिलांनी त्याला कुत्रं लावून हाकलला असता."

"मिस्टर ऑल्डस, वडील नाहीत आणि कुत्रं म्हातारं झालंय," हेस्टर म्हणाली. "त्यांना माहीत नसेल, तर तुम्ही सांगा. भट्टीच्या शेतात तुम्ही बसा, चर्चमागच्या शेतात ते. आणि त्यांना तुमची तीन-चार लाकडी कबुतरं द्या. त्यांची प्लास्टिकची ओल्या बुटांसारखी चमकतात. पण पुन्हा भांडण माझ्या दारात आलं ना, तर फाटकाची किल्ली काढून घेईन."

विल्फने पास्कला सगळे सांगितले. सांगताना तोंड एरंडेल प्यायल्यासारखे होते, पण सांगितले. आणि उसने म्हणून त्याच्या हाती तीन कबुतरे ठेवली. त्यात मी होतो. मित्रांनो, मला फार लागले. ज्याने मला कोरले, त्याने मला बुटांच्या वासाच्या पिशवीत टाकले.

पण पास्क माणूस वाईट नव्हता. तो आम्हाला हळू हाताळायचा. विल्फने सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्याने कागदावर लिहून घेतली होती आणि लपणात बसून तो ती पाठ करायचा.

जूनमधला तो शनिवार. सकाळी वारा पश्चिमेचा होता. दहाच्या सुमारास तो फिरला, आणि कबुतरे विल्फचे शेत सोडून आमच्याकडे लोटली. पास्कची बंदूक थांबेना. काटेरी कुंपणापलीकडे भट्टीच्या शेतात विल्फ रिकाम्या आकाशाकडे बघत बसला होता. त्याने उठून पास्कला विचारायला हवे होते, "मी जरा जवळ येऊ का?" पास्कने नाही म्हटले नसते. पण बूटवाल्याला विचारायचे? विल्फ ऑल्डसने? तो कुंपणालगतच्या कोरड्या चरातून वाकून पुढे सरकला. अर्धाच तास, दोनचार पाखरे, मग परत, असे त्याने मनाशी ठरवले होते. हे सगळे मला नंतर त्याच्याच तोंडून कळले.

एक पाखरू पंख मोडून माझ्याजवळ पडले. पास्कने बंदूक लपणातच ठेवली आणि ते उचलायला तो बाहेर आला, कागदावर लिहिले होते तसा. तो वाकला. त्याचे डोके माझ्यापासून हातभर अंतरावर होते.

कुंपणाआडून एक बार झाला. वाटाण्याच्या पानांवर छर्रे सळसळले आणि तीन छर्रे माझ्या डाव्या कुशीत घुसले. पास्क मातीत पालथा पडला.

"अहो! कोण आहे तिकडे? माणूस आहे इथे, माणूस!"

कोणी उत्तर दिले नाही.

तो आवाज मी ओळखला होता. विल्फच्या दुनळी बंदुकीची डावी नळी जराशी खोकल्यासारखी वाजते. पण लाकडाला बोलता येत नाही. मी वाऱ्याकडे तोंड करून तसाच बसून राहिलो.

थोड्या वेळाने पास्क आम्हाला घेऊन फाटकातून वळसा घालून भट्टीच्या शेतात गेला. विल्फ आपल्या जागी परत पोचला होता. त्याच्या गुडघ्यांना चराची माती होती.

"कोणीतरी चोरून शिकार करणारा घुसलाय," पास्क म्हणाला. "कुंपणातून बार टाकला. जरा खाली असता तर गेलोच होतो. मी हेस्टरबाईंना सांगतो. तुम्हीही सांभाळून बसा, मिस्टर ऑल्डस. आणि या तिघांबद्दल आभार."

"असेल कोणीतरी," विल्फ म्हणाला. पास्क गेला तरी तो मान वर करेना.

दुपारी स्वयंपाकघरात विल्फ कोरड्या फडक्याने आम्हाला पुसत होता. त्याचे बोट माझ्या डाव्या कुशीवर आले आणि थांबले. त्याने मला खिडकीपाशी नेले. मग तो खुर्चीत बसला आणि विनीला त्याने सगळे सांगितले.

विनीने माझ्या कुशीतल्या भोकांवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "माणूस धड आहे ना? मग भोकं बुजव आणि वर रंग लाव. खिडकीचा रंग आहे अजून."

"बुजवू म्हणतेस?"

"चौतीस वर्षं तू त्या शेतात जातोयस. ते गेलं तर शनिवारचा तू घरात बसशील आणि माझं डोकं खाशील. विल्फ, हे कोणाला कळणार आहे?"

विल्फने फळीवरून पुट्टीचा डबा काढला. खरे सांगतो, त्याने झाकण उघडलेही. तेवढ्यात फोन वाजला. हेस्टर होती. तिचा आवाज इतका चढलेला होता की मला टेबलावर ऐकू येत होता.

"मिस्टर ऑल्डस, पास्कना मी आजपासून बंद केलंय. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. ते आले आणि सुरू झालं. दुकानात बसून बढाया मारल्या असतील, त्या ऐकून कोणीतरी आलं. ते किल्ली द्यायला येतायत. आता दोन्ही शेतं तुमची."

विल्फने फोन ठेवला आणि विनीला ऐकलेले सांगितले. जे त्याला पहिल्या शनिवारपासून हवे होते, ते बसल्या जागी मिळाले होते. फक्त गप्प राहायचे होते.

विनीने त्याच्या हातातला डबा घेतला, झाकण दाबून बसवले आणि फळीवर ठेवून दिला.

"आता?" ती म्हणाली.

"आता काय! माझा कोट दे."

तो भराभर चालला. त्याने मला पोत्यातही घातले नाही, काखेत धरले होते. वाटेत दोघांनी त्याला हाक मारली, पण तो थांबला नाही.

हेस्टरच्या स्वयंपाकघरात पास्क उभा होता. टेबलावर त्याने किल्ली ठेवली होती आणि तो म्हणत होता, "दुकानात मी कबुतरांचं नावही काढत नाही हो, बाई." विल्फने मला त्या किल्लीशेजारी ठेवले, डावी कूस वर करून.

"हे तीन छर्रे माझे," तो म्हणाला. "चोर-बीर कोणी नव्हता. मी होतो. न सांगता जागा सोडली, चरातून पुढे आलो आणि कुंपणातून एका उतरत्या पाखरावर बार टाकला."

हेस्टर खाली बसली. "तुम्ही? मिस्टर ऑल्डस, तुम्ही?"

पास्कचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "मी वाकलो होतो!" तो ओरडला. "माझं डोकं इथं होतं, इथं! मी विचारलं कोण आहे म्हणून. तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग बोलला का नाहीत? मी मातीत पडलो होतो. पुढचा बार कधी येतो याची वाट बघत होतो!"

"लाज वाटली," विल्फ म्हणाला. "बार चुकून गेला. गप्प मात्र मी जाणूनबुजून बसलो."

 मग विल्फने खिशातून आपली किल्ली काढून टेबलावर ठेवली. हेस्टरने ती मागितली नव्हती. पण तिने परतही दिली नाही. ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि पास्कची किल्ली त्याच्यापुढे सरकवली.

"पास्क, माझं चुकलं," ती म्हणाली. "न विचारता तुमच्यावर आळ घेतला."

विल्फ पास्कला म्हणाला, "ही कबुतरं तुमच्याकडे राहू द्या. सगळी नऊ आणून देतो."

"तुमचं मला काही नको," पास्क म्हणाला आणि निघून गेला.

मला वाटले, संपले. पण विल्फ हट्टी माणूस आहे, आणि यावेळी तो हट्ट योग्य जागी लागला. पुढच्या शनिवारी त्याने बंदूक कपाटातच ठेवली, आमचे पोते पाठीवर टाकले आणि तो चर्चमागच्या शेताच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. त्या भागात एक रीत आहे. शेतात आधीच कोणी बसले असेल तर बाहेर थांबायचे आणि टोपी काढून हातात धरायची. आतल्याने हात केला तरच आत जायचे. नाही केला तर मुकाट्याने परत फिरायचे. आतला माणूस काही बोलायला बांधील नसतो.

पास्कने हात केला नाही. तासभर उभे राहून आम्ही परत आलो. दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी पावसाची भुरभुर होती आणि विल्फचे टक्कल भिजून चमकत होते. हेस्टर ट्रॅक्टरवरून जाताना थांबली.

"मिस्टर ऑल्डस, किल्ली मिळायची नाही हं. उगाच सर्दी होईल."

"किल्लीसाठी नाही उभा."

"मग कशासाठी?"

"त्यांना माझा राग आहे, तर मी समोर असलेला बरा. फोनवर काय राग काढणार?"

हेस्टरने मान हलवली आणि ट्रॅक्टर पुढे घेतला.

चौथ्या शनिवारी पास्क स्वतःच लपणातून उठला आणि फाटकाकडे आला. हातात त्याचे एक प्लास्टिकचे कबूतर होते.

"तुम्हाला इथं मुळं फुटतील," तो म्हणाला.

"फुटू देत."

"पाखरं येतात, वर घिरटी घालतात आणि निघून जातात. का?"

"तुमची कबुतरं वाऱ्याला पाठ करून बसलीयत. आणि चमकतायत."

"बंदूक कुठाय?"

"घरी, कपाटात."

पास्कने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. हसला नाही. पण त्याने फाटक उघडले आणि म्हणाला, "मग आत या, आणि मांडा."

विल्फ चिखलात गुडघे टेकून बसला आणि त्याने आम्हा नऊ जणांना एकेक करून वाऱ्याकडे वळवले. मला त्याने सगळ्यात पुढे ठेवले. मित्रांनो, मी लाकडाचा आहे, पण त्या दिवशी मला जो आनंद झाला तो खोटा नव्हता.

त्याला ती किल्ली पुन्हा कधीच मिळाली नाही. तो आजही पास्कच्या किल्लीने आत जातो, कबुतरे मांडतो, पडलेली पाखरे उचलतो आणि पास्कचा नेम चुकला की तोंड भरून टोमणे मारतो. मला दरवर्षी नवा रंग मिळतो. फक्त डाव्या कुशीला विनी ब्रश लावत नाही.

आम्हा जुन्या वस्तूंना जपा, हे मी सांगणारच. ओले ठेवू नका, उन्हात टाकू नका, कोरड्या फडक्याने पुसा. पण आमच्याआधी शेजारच्या माणसाला जपा. त्याच्या शेताजवळ जाल तेव्हा आवाज देऊन जा. आणि हातून चूक झालीच, पलीकडून कोणी "कोण आहे तिकडे?" म्हणून हाक मारली, तर चरात दडून बसू नका. ओ द्या.