शुक्रवारची हजेरी

मागच्या दाराची कडी खळकन वाजली आणि रुचिकाने भिंतीच्या दिशेने उंच धरलेला फोन झटक्यात खाली घेतला. पडवीत इतका वेळ चिडीचूप होतं, की ती कडी आपल्या छातीतच वाजली असं तिला वाटलं. दारात सासूबाई उभ्या होत्या. गोदूबाईंनी आज ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि हातात नारळांची पिशवी होती.

“आगो, भितीला कनाला फोन दाखवतंस? दिष्ट काढतंस का तिची?”

“रेंज बघत होते, आई.”

“तुझी रेंज बरी शुक्रवारची इथंच येते.”

गोदूबाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. पिशवी उंबऱ्याशी टेकवून त्या आत वळल्या. रुचिकाने पुन्हा फोन वर धरला. पडद्यावरचा राखाडी गोल फिरला, अडला, परत फिरला आणि हिरवा झाला. खाली अक्षरं उमटली : आपण कार्यालयाच्या परिसरात आहात.

ती कार्यालयाच्या परिसरात नव्हती. ती आपल्या घराच्या पडवीत, लाकडांच्या ढिगाशेजारी, ओले केस पंच्यात गुंडाळून उभी होती. पण भिंतीपलीकडे तिच्याच कंपनीचं गोडाऊन होतं आणि कंपनीने त्या गोडाऊनभोवती नकाशावर जे वर्तुळ आखलं होतं, त्यात ही पडवी अलगद येऊन बसली होती. पडघ्याच्या आसपास अशी घरं पुष्कळ. जमिनी गेल्या, घरं तेवढी मागे राहिली. गोडाऊनच्या जागी रुचिकाच्या सासऱ्यांचं, केसरीनाथांचं, भाताचं शेत होतं. जमीन देताना त्यांनी एकच हट्ट धरला होता : शेताचा राखणदार चेडोबा जागचा हलवायचा नाही. तो शेंदूर लावलेला दगड अजून कंपाउंडाच्या कोपऱ्यात होता, आणि अमावास्येला त्याच्यापुढे नारळ फोडता यावा म्हणून भिंतीत माणूसभर उंचीचं एक फाटक ठेवलेलं होतं. सासरे गेले. त्यांचं शेत आता सुनेचं ऑफिस झालं होतं. निदान फोन तरी तसं म्हणत होता.

खरं ऑफिस ठाण्याला. तिथे ती मालाच्या गाड्यांची कागदपत्रं बघायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार ऑफिसात, मधले दिवस घरून. हजेरी मात्र फोनमधल्या ॲपवर, कंपनीच्या कुठल्याही जागेवरून लागायची. पडवीतला हिरवा गोल तिला सापडला तो तिची मुलगी हर्षाली तापाने फणफणली होती त्या दिवशी, आणि तेव्हा तिने ‘एकदाच’ असं ठरवलं होतं. मग शाळेतलं गॅदरिंग आलं. मग सासूबाईंचा गुडघा. एकदा सवय झाली की मन आपोआप कारणं पुरवतं.

आज कारण मोठं होतं. दिराच्या मुलाचं, सार्थकचं जावळ कार्ल्याला, एकवीरा आईच्या पायाशी. सगळी भावकी बसने निघायची होती. रुचिकाचा नवरा भाविक भांडी, शेगड्या आणि मानाचा बोकड टेम्पोत घालून आदल्या दिवशीच पुढे गेला होता. रुचिकाने रजा कधीच मागून ठेवली होती. “क्वार्टर एंडला? आणि जावळासाठी? घरचे आहेत ना, त्यांना जाऊ दे,” असं तिचे साहेब, प्रितम सर, म्हणाले होते. तेव्हा तिने मनाशी बेत केला : हजेरी पडवीतून लावायची, लॅपटॉप मांडीवर घ्यायचा आणि बसच्या खिडकीत बसून ऑफिस करायचं. घाटात रेंज गेली तर नेटवर्कला शिव्या घालायच्या. सगळेच घालतात.

आत हर्षाली आरशासमोर गिरक्या घेत होती. सहा वर्षांची पोर, हिरवं परकर-पोलकं, केसांत अबोलीचा गजरा. बसमध्ये तिला हमखास उलटी व्हायची आणि तेव्हा आईच लागायची, दुसरं कुणी पाठीवर हात ठेवलेला चालायचा नाही.

रुचिका साडीच्या निऱ्या खोचत होती तेवढ्यात बुशराचा फोन आला. बुशरा भिवंडीची, ठाण्याच्या ऑफिसात तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची.

“रुचिका, सच बता, तू गोडाऊनवर आहेस का?”

रुचिकाच्या हातातली निरी सुटली. “का गं?”

“ॲपमध्ये तू पडघ्याला दिसतेयस म्हणून. क्लायंटच्या मॅडम नाशिकहून येतायत, वाटेत तिथे उतरून माल बघणार. तिथला सुपरवायझर आज सुट्टीवर. सर टेन्शनमध्ये होते, मग तुझं नाव दिसलं, तर म्हणाले, अरे वा, रुचिका तर तिथेच आहे.”

“तू सांग ना, मी जरा…”

“काय सांगू? वॉशरूममध्ये आहे? दुपारपर्यंत?” बुशराचा आवाज खाली आला. “तो ऐरोलीवाला आठवतोय ना? घरून हजेरी लावली म्हणून जेवायच्या सुट्टीआधी काढला त्याला. डबा तसाच राहिला होता टेबलावर. मी तुला घाबरवत नाहीये हां. पण उचल फोन, ते करतायत बघ.”

फोन खरंच वाजायला लागला होता.

“रुचिका, गुड,” प्रितम सर म्हणाले. “मॅडम पोचतीलच. तू फिरव त्यांना, मी व्हिडिओवर राहतो. तू साइटवरच आहेस ना?”

“हो सर.”

हे दोन शब्द तिला न विचारताच बाहेर पडले.

तिने साडी फेडली. रोजचा निळा कुर्ता अंगात चढवला, डोक्यातला गजरा ओढून काढला, ओळखपत्र गळ्यात अडकवलं. गोदूबाई दारात येऊन थांबल्या होत्या.

“देवीकरं जायला नेसलेलं लुगडं फेडलंस?”

“आई, कामाचं आलं एकदम. भिंतीपलीकडेच जातेय, लगेच येते. बस थांबवून ठेवा.”

“गारी थांबंल गो. सागर थांबवंल वाईच.” सागर म्हणजे सार्थकचा बाप, रुचिकाचा धाकटा दीर. “पन तू सुट्टी काढली न्हाय का? मना तं बोलली व्हतीस काढली म्हनून.”

रुचिका पायात चप्पल सरकवत होती. हर्षालीने तिचा कुर्ता दोन्ही मुठींनी धरला.

“आजीसोबत गाडीत बस जा, मी आलेच.”

“मी तुझ्यासोबत.”

“हर्षू, तिथे मुलांना येऊ देत नाहीत.”

“मग तू पण नको जाऊ.”

गोदूबाईंनी तिला उचलायला हात लावला, तर तिने असा गळा काढला की अंगणातली माणसं वळून बघायला लागली. रुचिकाने तिला कडेवर घेतलं. “चल. पण तिथे हूं की चूं करायचं नाही.”

फाटकाची किल्ली सावळारामकडे असायची. सावळाराम गावातलाच म्हातारा, गोडाऊनवर वॉचमन. पूर्वी केसरीनाथांच्या शेतात लावणीला यायचा, आता त्याच जागेवर खाकी कपडे घालून खुर्चीवर बसायचा.

“आज अवस न्हाय गो,” तो फाटकाआडून म्हणाला.

“काका, उघडा लवकर. कुणी विचारलं तर मी सकाळपासून इथेच आहे.”

त्याने तिच्याकडे, मग नटलेल्या पोरीकडे बघितलं आणि किल्ली फिरवली. हर्षालीने सवयीने चेडोबाला हात जोडले. रुचिकाने तिला वॉचमनच्या केबिनमध्ये स्टुलावर बसवलं, सावळारामच्या डब्यातलं बिस्कीट तिच्या हातात दिलं. मोठ्या गेटातून पांढरी गाडी आत वळत होती.

मॅडम उतरल्या. चाळिशीच्या, कडक इस्त्रीच्या शर्टातल्या, बोलायला तशा बऱ्या. रुचिकाने फोन समोर धरला, त्यात प्रितम सरांचा चेहरा. मग रॅकांच्या रांगांमधून चालणं सुरू झालं. कुठला माल कधी आला, कुठला निघाला, हे तिला पाठ होतं. कागदावर ती रोज तेच करायची. फक्त या खोक्यांचा पुठ्ठ्याचा वास तिला माहीत नव्हता. कुठलं दार कुठे उघडतं, तेही माहीत नव्हतं. एकदा ती चुकून बंद शटरपाशी जाऊन उभी राहिली आणि “हा भाग नंतर बघू,” असं म्हणून वळली.

भिंतीपलीकडून बसचा हॉर्न वाजला. लांबलचक.

“शादी है क्या गाँव में?” मॅडमनी विचारलं.

“कुछ होगा, मॅडम.”

पुन्हा हॉर्न. आता सागरचा हात त्यावर चांगलाच दाबलेला होता. रुचिकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बसमध्ये कोण काय म्हणत असेल, ते तिला इथे ऐकू येत होतं. नोकरी करणारी सून, तिला देवीपेक्षा कंपनी मोठी. आणि बाळाच्या जावळाला काकू नाही, हे पुढची दहा वर्षं प्रत्येक हळदीत निघणार.

“ही तिसरी रांग, सर,” ती फोनमध्ये म्हणाली.

तेवढ्यात पैंजण वाजले.

हॉर्न ऐकून हर्षाली केबिनमधून निघाली होती. बस सुटेल या धास्तीने ती रॅकांच्या मधून परकर उचलून धावत येत होती, आणि बाजूच्या रांगेतून खोकी उचलणारी फोर्कलिफ्ट वळत होती. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. करकचून आवाज झाला. पोर जागच्या जागी थिजली, मशीनच्या पात्यांपासून हातभर अंतरावर.

रुचिका पुढे झेपावली आणि दुसऱ्याच पावलाला थांबली. हातात फोन होता. फोनमध्ये सर होते.

“बच्ची? फ्लोअर पे?” मॅडमचा आवाज चढला. “किसकी है ये?”

“रुचिका, कोणाची मुलगी आहे ती?” सरांनी विचारलं.

गजरा, परकर-पोलकं, कपाळावर गोदूबाईंनी लावलेली चंद्रकोर. सकाळपासून ऑफिसात असलेल्या बाईबरोबर अशी मुलगी असत नाही. हर्षालीने तोंड उघडलं होतं, ओठ ‘आ’साठी विलग झाले होते.

“सिक्युरिटीवाले काका की पोती है, मॅडम,” रुचिका म्हणाली. “बाहर बिठाया था उसको.”

हर्षालीचे ओठ मिटले. तिने आईकडे बघितलं. ते बघणं रुचिकाला सहन होईना, म्हणून तिने फोनची बाजू बदलली.

मॅडम मुलीपुढे वाकल्या. बाई खरंच वाईट नव्हत्या. “बेटा, लगा तो नहीं? किसके साथ आयी हो?”

सावळाराम धापा टाकत येऊन पोचला होता. पोरीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा रुचिकाकडे. मग चालत गेली आणि त्याचं बोट धरलं.

“आजोबांसोबत,” ती म्हणाली. आणि रुचिकाकडे वळून, शाळेत बाईंना म्हणतात तसं, “सॉरी मॅडम.”

“चुकलं साहेब,” सावळारामने फोनपुढे हात जोडले. “घरी कुनी नव्हतं, म्हनून आनली. पुना न्हाय आननार.”

“हे अजिबात चालणार नाही,” प्रितम सर म्हणाले. “मॅडम, सॉरी, आय विल टेक ॲक्शन.”

सावळाराम पोरीला घेऊन बाहेर गेला. रुचिका चौथ्या रांगेकडे वळली. ती काय बोलत होती ते तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं, पण बोलणं बरोबर असावं, कारण मॅडम मान हलवत होत्या. हॉर्न आणखी एकदा वाजला, आखूड. मग बसचं इंजिन घरघरलं, तो आवाज रस्त्याकडे गेला, हायवेच्या आवाजात मिसळला आणि मग त्याला वेगळं काढता येईना.

पांढरी गाडी गेटाबाहेर पडली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. फोनवर सरांचा मेसेज होता. छान सांभाळलंस. सोमवारपासून पडघ्यालाच बस, तुलाही जवळ पडेल. आणि त्याखाली : त्या वॉचमनचं नाव पाठव.

तिने फोन उलटा करून मुठीत धरला.

केबिनमध्ये सावळाराम हर्षालीला ग्लासाने पाणी पाजत होता.

“गोदू आली व्हती भितीपातूर,” तो म्हणाला. “हाक मारत व्हती. मीच बोललो, सून कामात हाय, पोर तिच्याबिगर यायची न्हाय, तुमी निंघा. उपाशी रहाल म्हनून भाकऱ्या ठेवून गेली.”

“काका, मी ते…”

“जाव दे गो. मना दोन नाती हायेत, ही तिसरी.” तो हसला, पण नजर गेटाकडेच ठेवून. “साहेब काय बोलला? काढतोय काय मना?”

“नाही,” रुचिका म्हणाली. “मी बघते.”

काय बघणार होती, ते तिला माहीत नव्हतं. नाव पाठवलं तर म्हातारा जाणार. नाही पाठवलं तर सर विचारणार, आणि विचारता विचारता या फाटकापर्यंत येणार.

ती हर्षालीला घेऊन निघाली. पोरगी बरोबरीने चालत होती, पण तिने हात धरला नव्हता. दोघींमध्ये एका पावलाचं अंतर ठेवून ती शहाण्यासारखी चालली होती. गजरा एका बाजूने सुटून खांद्यावर लोंबत होता. फाटकातून पलीकडे आल्यावर ती थांबली. मागे वळून तिने कंपाउंडात नीट पाहून घेतलं. पांढरी गाडी नव्हती. कुणीच नव्हतं.

“आता आई म्हणू?” तिने हळूच विचारलं.

रुचिका खाली बसली आणि तिने तिला जवळ ओढलं. पोलक्याला बिस्किटाचा वास येत होता, केसांना तेलाचा. “म्हण गं. म्हण ना.”

हर्षाली जरा वेळ तशीच मिठीत राहिली. मग तिने मान मागे घेतली, आईचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरून आपल्याकडे वळवला. शाळेत कविता न अडखळता म्हणून झाल्यावर घरी येऊन सांगताना तिचा चेहरा जसा व्हायचा, तसाच तो आता झाला होता.

“आई, मी बरोबर बोलले ना?”