महानंदाची खुर्ची

लातूर नवाच जिल्हा झाला होता. शिवकांताची धाकटी जाऊ महानंदा तिथल्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला. थोरली शिवकांता सकाळी टँकरच्या रांगेत उभी राही आणि दुपारी स्टुलावर बसून मशीनवर गिऱ्हाइकांचे ब्लाउज शिवी. स्टुलाला पाठ नसते, पण शिवताना पुढं वाकायचंच असतं, त्यामुळं तिला कधी काही वाटलं नव्हतं. महानंदा रोज संध्याकाळी आपल्या खुर्चीचं सांगू लागली, तशी शिवकांताची कंबर दुखायला लागली.

"हाताची खुर्ची हाय, आत्या," महानंदा सासूला सांगे. "मागं वेत विणलाय. टेकलं की झोपच येती."

आधी सासूनं, मल्लम्मानं, नोकरीला नाहीच म्हटलं होतं. आता तीच 'आमची सून खुर्चीवर बसती' म्हणून आळीभर सांगत फिरे. थोरलीच्या शिवणावर घराचा किराणा येई, त्याचं नाव कुणी काढत नव्हतं.

एक दिवस महानंदा डबा विसरली. शिवकांता आपणहून तो घेऊन निघाली. तिला ती खुर्ची बघायची होती. वाटेनं चालताना, खुर्चीचा एखादा पाय मोडका निघावा, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

कचेरीत कारकून खुर्च्यांवर रेलून बसले होते. महानंदा दाराजवळच्या कोपऱ्यात होती. टाइपरायटरपुढं, स्टुलावर. स्टूल उंच होतं, तिचे पाय अधांतरी लोंबत होते. एका हातानं ती कंबर दाबत होती.

शिवकांताला आधी बरं वाटलं, उन्हातून येऊन गार पाणी प्यावं तसं. तेवढ्यात महानंदानं वर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"खुर्च्या कमी आल्यात," ती हळूच म्हणाली. "पुढच्या खेपेला देतो म्हणले."

"जेवून घे," म्हणत शिवकांतानं डबा ठेवला आणि ती परतली.

घरी मल्लम्मा वाटच बघत होती. "बघितलीस का गं खुर्ची?"

शिवकांता सुईत दोरा ओवत होती. "बघितली की. चांगली रुंद हाय."

संध्याकाळी महानंदा स्वयंपाकघरात आली. "अक्का, आत्याला खरं का सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर उद्यापासून तुला घरी बसवलं असतं त्यांनी."

"तुम्हाला बरंच वाटलं असतं."

शिवकांता भाकरीचं पीठ मळत राहिली. "हाव," ती म्हणाली. "लई बरं वाटलं असतं."

महानंदानं तवा चुलीवर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून सावकाश खाली बसली. शिवकांतानं तिच्याकडं पाहिलं नाही. परात उचलून ती थोडी बाजूला सरकली, महानंदाला भिंतीला पाठ टेकता येईल इतकीच.