तिन्हीसांजेचं दार

"दरवाजा खुला है. कृपया दरवाजा बंद करें."

दाराच्या चौकटीवरच्या डबीतली बाई चौथ्यांदा बोलली आणि निरांजन लावणाऱ्या द्वारकाबाईंचं डोकं उठलं. "मेलीला दम म्हणून लागत नाही!"

"दार लाव, गप्प बसेल ती," शामराव टीव्हीसमोरून ओरडले.

"तिन्हीसांजेला दार लावतात का कुठे? लक्ष्मीनं काय बेल वाजवून यायचं?"

"लक्ष्मीच्या आधी चोर येतील, मग कळेल."

भुसावळहून रेल्वेच्या बदलीवर आलेलं हे जोडपं निवृत्तीनंतर जयपूरलाच राहिलं. राजा पार्क भागातल्या या घराचं दार इतकी वर्षं दिवेलागणीला उघडं असायचं. गेल्या दिवाळीत समोरच्या घरी चोरी झाली आणि शामरावांची झोप उडाली.

चोर पकडायचं यंत्र घ्यायला दुकानात द्वारकाबाईही गेल्या होत्या. दुकानदारानं आधी फोडलेल्या कपाटांचे फोटो दाखवले, मग यंत्रांच्या किमती. सगळ्यात महाग यंत्रावर शामरावांचं बोट आलं, तसा तो खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "अंकलजी, घर में बाई आती है? तो एक कैमरा किचन पर रखिए. चोरी बाहर से कम, अंदर से ज़्यादा होती है." घरात उंदीर आहेत का, असं विचारावं तशा आवाजात. द्वारकाबाईंना शिसारी आली. त्याहून जास्त शिसारी आली ती नवऱ्याला मान डोलावताना पाहून.

तेव्हापासून घरात विकतचं दुखणं आलं. वाळूचं वादळ आलं की भोंगा, गच्चीवर माकड आलं की भोंगा. दर थोड्या दिवसांनी दुकानाचा मेकॅनिक यायचा, तारा चाचपायचा, चहा पिऊन जायचा. शामराव टीव्हीवर चार कॅमेऱ्यांच्या चौकोनांत आपलंच घर बघत बसायचे. बायकोकडे बघायला मात्र सवड नव्हती.

सुगनी त्यांच्याकडे धुणंभांडी करायची. मागच्या वस्तीत राहायची. तिचा नवरा सांगानेरला कापडावर छपाई करायचा. संध्याकाळचं काम आटोपलं की ती उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर पाट घेऊन बसायची आणि द्वारकाबाई आत वाती वळायच्या. चहा व्हायचा, सुखदुःखं निघायची. परमुलखात द्वारकाबाईंना माहेर म्हणून काही असेल तर ती पायरी. पण कॅमेरे लागले आणि सुगनी हनुवटीपर्यंत घूंघट ओढून बसू लागली. "साहब देखते हैं, माँजी," एवढंच म्हणाली. द्वारकाबाईंना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

उपाय त्यांना अचानक सापडला. दाराला चिकटवलेला चुंबकाचा तुकडा उन्हाळ्यात सुटून खाली पडला. त्यांनी तो उचलून चौकटीवरच्या डबीला टेकवला, तर आतली बाई मुकी झाली. दार सताड उघडं, आणि यंत्राला वाटे बंदच आहे! मग रोज तिन्हीसांजेला त्या तो तुकडा काढून पूजेतल्या लाल-पिवळ्या दोऱ्यानं डबीला बांधू लागल्या. पोरीसारखं हसू यायचं त्यांना. दिवा शांत झाला की तुकडा पुन्हा दाराला. चौकोनांत पायरी दिसे, दार नाही; शामरावांना वाटलं, बायको शहाणी झाली.

एका संध्याकाळी गप्पा रंगल्या आणि त्या दोरा सोडायला विसरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई देवळातून परतल्या तर घरात पंचायत भरलेली. मेकॅनिक स्टुलावर उभा होता. "यह तो चोर की तैयारी है, साहब. किसी अंदर वाले का काम है." खाली अर्धवट पुसलेल्या फरशीवर सुगनी उभी होती आणि शामरावांनी तिला हात पुढे करायला लावला होता. मनगटावर लाल-पिवळा दोरा.

"बघ, बघ!" शामराव बायकोला म्हणाले. "दोरा तोच. मी म्हणत नव्हतो? पोलिसांनाच बोलावतो."

सुगनीनं द्वारकाबाईंकडे पाहिलं.

"तो दोरा मी बांधलाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "डबीलाही आणि तिच्या हातालाही. एकाच गुंड्यातला. तुमच्या त्या बाईचं तोंड बंद करायला बांधला. घाला मला तुरुंगात!"

मेकॅनिक स्टुलावरून उतरून बॅग आवरू लागला. शामरावांचा चेहरा उतरला, पण जीभ कुठली उतरायला. "मग आधी सांगायचंस ना! मतलब, मला काय स्वप्न पडणार?" आणि सुगनीकडे न बघताच, "चलो, ठीक है. काम करो अपना."

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, हे द्वारकाबाईंनी ऐकलं होतं. इथे तर चोरच नव्हता. त्यांना नवऱ्याची घृणा आली आणि ती लपवावीशीही वाटली नाही. स्वतःचाही संताप आला. एवढ्याशा दाराच्या हट्टासाठी चोरून हसत बसण्यापेक्षा तेव्हाच भांडायला काय झालं होतं?

सुगनीनं राहिलेली फरशी पुसली. कोपऱ्यासकट. फडकं पिळून दांडीवर टाकलं, बादली पालथी घातली. मग मनगटाचा दोरा दातानं तोडून ओट्यावर ठेवला.

"सुगनी, साहब की तरफ से मैं..."

"आप क्यों, माँजी," ती म्हणाली आणि घूंघट न ओढता, त्या चारही कॅमेऱ्यांच्या डोळ्यांसमोरून उघड्या तोंडानं निघून गेली.

संध्याकाळी द्वारकाबाईंनी दिवा लावला आणि दार उघडलं. डबीतली बाई बोलू लागली. बोलू दिलं त्यांनी तिला. शेवटी शामराव स्वतः उठले, बटण दाबून यंत्र गप्प केलं आणि ओशाळवाणे टीव्हीसमोर जाऊन बसले. चौकोनात पायरी दिसत होती, पायरीवर रिकामा पाट.

बराच वेळ बघून ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "असू दे दार उघडं. कोणी नाहीये बाहेर."

द्वारकाबाई वाती वळत राहिल्या.