लिंबापासून बावीस पावलं

मांडवगण फराट्यात जमिनीखालून कुठला पाईप कुठं जातो हे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस हल्ली चहा प्यायला की नाही हेसुद्धा विसरायचा. मारुतराव त्यांचं नाव. चाळीस वर्षं गावाचे नळ त्यांनीच जोडले. नकाशा कधी काढला नाही. कुठल्या झाडापासून किती पावलं, कुणाच्या उंबऱ्यापासून किती हात, सगळं डोक्यात. ग्रामपंचायतीनं तरी कधी कागद मागितला होता? माणूस जिवंत आहे ना, मग कागद कशाला, अशी आपली रीत!

त्यांची बायको सिंधूबाई वर्षभर ही गोष्ट झाकून होती. कुणी बोलवायला आलं की "त्यांचं गुडघं दुखत्यात" म्हणून दारातूनच वाटेला लावायची. आत मारुतराव पाइपाच्या आट्यांवर सूत गुंडाळत बसलेले असायचे. गुंडाळायचं, सोडायचं, पुन्हा गुंडाळायचं. नातवाचं नाव गेलं. थोरला भाऊ वारलाय हेही गेलं. पण सकाळी जाग आली की "सिंधे, पाणी आलं का गं नळाला?" ही हाक मात्र एक दिवस चुकली नव्हती. त्या हाकेवर बाई दिवस ढकलत होती. माझं नाव तोंडात हाय तवर माणूस माझा हाय, असं ती स्वतःला बजावायची.

त्या दिवशी सकाळी सरपंच जयसिंग धापा टाकतच आला.

"आबा, चला लवकर! मेन लाईन फुटलीया. महेंद्रच्या घरात गुडघाभर पाणी शिरलंय. व्हॉल बंद करायचाय, पण त्यो कुठं गाडलाय ते गावात कुणालाच म्हाईत न्हाई!"

कसं माहीत असणार? दोन वर्षांपूर्वी काँक्रीटचा रस्ता झाला, तेव्हा ठेकेदारानं व्हॉल्व्हच्या चेंबरवरूनच सिमेंट ओतलं, आणि सगळा गाव कडेला उभा राहून बघत होता.

"त्यांचं गुडघं..." सिंधूबाईनं सुरुवात केली, पण मारुतरावांनी पाना उचललासुद्धा. वर्षभरात इतके ताठ ते उभे राहिले नव्हते. एवढा व्हॉल सापडू दे रे देवा, म्हणत सिंधूबाई मागोमाग निघाली. आज जमलं तर माणूस अजून हातचा गेलेला नाही, असं तिच्या मनानं घेतलं.

रस्त्यावर जेसीबी उभा होता आणि निम्मा गाव गोळा झाला होता. मारुतराव ऐटीत म्हणाले, "लिंबापासनं बावीस पावलं. मारुतीच्या देवळाकडं तोंड करून." आणि कडुलिंबाचं झाड शोधायला लागले. इकडं वळले, तिकडं वळले.

"लिंब कुठाय?"

"आबा, त्यो रस्त्यात आला म्हणून कवाच तोडला की," कुणीतरी सांगितलं.

"कुणी तोडला? मला न इचारता?" म्हाताऱ्याच्या हातातला पाना खाली पडला. गर्दीत खसखस पिकली. "म्हातारं फिरलंय. फोडा सगळा रस्ता!" असा एक आवाज आला.

"कोण रं त्यो?" सिंधूबाई कडाडली. "तुझ्या घरात नळ कुणी बशिवला? जीभ सांभाळून बोल!"

सिंधूबाई रागानं पेटली होती, पण डोकं ठिकाणावर होतं. तो लिंब तिच्याइतका कुणाला माहीत असणार? नवी नवरी असताना ती तिथंच डबा घेऊन यायची. मारुतराव व्हॉल्व्हचा खड्डा खणत होते ते आठ दिवस ती त्याच बुंध्याला टेकून बसली होती, आणि अगदी नाकासमोर, रस्त्यापलीकडं राहणाऱ्या रंगुबाईच्या घराचा दगडी उंबरा दिसायचा. उंबरा अजून होता. ती चार पावलं चालली, जराशी डावीकडं सरकली आणि पदर सावरून उभी राहिली.

"अहो, ह्यो बघा लिंब. माझ्यापासनं मोजा."

मारुतराव तिच्याकडं बघत राहिले. मग जवळ आले, झाडाला लावावा तसा तिच्या खांद्याला तळवा लावला, देवळाकडं तोंड केलं आणि मोजत निघाले. बाविसाव्या पावलावर थांबले.

"फोडा हितं."

काँक्रीट फुटलं, मुरूम निघाला, आणि खाली चेंबरचं झाकण! मारुतरावांनी कुणाला हात लावू दिला नाही. गंजलेला व्हॉल्व्ह स्वतः चावी घालून आवळला. महेंद्रच्या दारातनं पोरं ओरडली, पाणी थांबलं! जयसिंगनं भर रस्त्यात म्हाताऱ्याचे पाय धरले. सिंधूबाईला हसूही येत होतं आणि डोळेही वाहत होते. आहे, माझा माणूस आहे अजून!

मारुतराव हात पुसत तिच्याकडं आले. ती हाकेची वाट बघत होती. त्यांनी हात जोडले.

"बाई, लई उपकार झाले तुमचे."

सिंधूबाईला वाटलं, थट्टा करतायत. मग त्यांनी हळूच विचारलं, "आमची सिंधी ह्याच लिंबाखाली डबा घिऊन येती. आज लई येळ झाला. तुमाला कुठं दिसली का वाटंत?"

सगळा गाव बघत होता. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"दिसली की," ती म्हणाली. "निघालीया. येईल इतक्यात. तवर बसा हितं."

ती रस्त्याच्या कडेला बसली. परक्या बाईशेजारी बसावं तसं हातभर अंतर सोडून मारुतरावही बसले, आणि घराच्या वाटेकडं बघत राहिले.