मोहाच्या फांदीवरचा खिळा

"साहेब, आमच्या गावाकडच्या टॉवरची पावर कोणं कमी केली?" टिकारामने तुमसरच्या ऑफिसात उभ्याउभ्याच विचारलं.

"कोणी नाही, काका. प्रोग्रामनं केली," वीरेंद्र म्हणाला.

मोबाइल टॉवरचा मेकॅनिक म्हणून टिकारामची पंधरा वर्षं नाकाडोंगरीच्या जंगलपट्ट्यात गेली होती. सागाला पानं फुटली की कुठल्या टॉवरची पॉवर वाढवायची, बाजाराच्या दिवशी कुठं नेट रखडतं, सगळं त्याच्या वहीत होतं. नवा इंजिनियर वीरेंद्र त्याच्याच घरी जेवून हे शिकला. 'वही द्या काका, तुमचं काम हलकं करतो,' म्हणाला. या भोळ्यानं दिली.

वीरेंद्रने स्क्रीन वळवली. "प्रोग्राम शेकडो मांडण्या करते. कुठं किती पावर, किती स्पीड. चांगल्या मांडण्यांची मिसळ करून पुढची पिढी काढते, कमजोर बाद. हजार पिढ्या झाल्या."

"आम्ही धानाचं बियाणं निवडतो तसंच. मंग आमचं गाव काहून बाद झालं?"

"प्रोग्रामले तुमची वहीच दिली होती, तिच्यात तुमच्या गावाची एक भी तक्रार नाही. त्याले वाटलं, तिथं कमी पावर चालते."

गावचे लोक तक्रार घेऊन थेट टिकारामच्या अंगणात यायचे. तो लगेच सायकल काढायचा. घरच्या कामाची कसली नोंद, म्हणून त्यानं कधी लिहिलंच नव्हतं.

"काल आमच्या गावच्या आशा वर्कर आनंदाबाईनं अँब्युलन्सले अकरा वेळा फोन लावला, एक भी लागला नाही. माझी सून तृप्ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाळंत झाली. तिच्या हातचं जेवला तू. आमच्या गावची पावर कमी झाली, हे तुले माहीत होतं का?"

आता 'साहेब' गळून पडलं होतं.

"मागच्या महिन्यात दिसलं होतं, काका. पण रिपोर्ट वर गेला होता. एका गावासाठी बदललं तर आकडे बिघडतात."

रिपोर्टवर नाव एकट्या वीरेंद्रचं होतं. टिकारामला राग आला, पण स्वतःची लाज त्याहून जास्त वाटली. टेबलावरची आपली वही उचलून तो निघाला.

टॉवर येण्याआधी गावचे लोक मोहाच्या झाडाच्या उंच फांदीवर ठोकलेल्या खिळ्याला पिशवीत फोन टांगून रेंज पकडत. तो खिळा टॉवर सुरू झाला त्या दिवशी टिकारामनेच उपटला होता, सगळ्यांसमोर, हसत. त्या संध्याकाळी शिडी लावून त्यानं त्याच फांदीवर नवा खिळा ठोकला. आनंदाबाईनं फोनची पिशवी वर दिली.

पिशवी टांगून तो उतरला. पारावर बसून वहीत तारीख घातली आणि आपल्या गावाची पहिली तक्रार लिहिली.