मातीच्या दिवशीची लस

ओस्टरझीलच्या बाजारचौकातलं औषधांचं दुकान तालेया हार्म्सचं. ऑक्टोबरातली ती सकाळ इतर सकाळींसारखीच होती. समुद्राकडून बोचरा वारा येत होता आणि लोक खोकल्याच्या गोळ्या घ्यायला येत होते, गोळ्यांपेक्षा गप्पांसाठी जास्त. दहाच्या सुमाराला तिचा थोरला भाऊ ओक्को आत आला.

गावात ओक्को हार्म्सला कोण ओळखत नव्हतं! निम्म्या गावाची घरं त्याने बांधलेली. पुरुषांच्या गायनमंडळात तो खर्जाच्या रांगेत मधोमध उभा राही, आणि चर्चमध्ये पुढचं बाक त्याच्यासाठी न सांगता मोकळं ठेवलं जाई.

"मॉइन, तालू," त्याने तिकडच्या बोलीत रामराम केला.

"मॉइन. आज वाट चुकलास की काय?"

"काम आहे. घरचंच." त्याने दोन पिवळ्या लसवह्या काउंटरवर टाकल्या, एक स्वतःची आणि एक बायकोची, स्वांत्येची. "मोबाइलवर तो चौकोन करून दे. शनिवारी मंडळाचं जेवण आहे. आणि आईकडे गेलं की ती दारावरची पोरगी दर वेळी नाकात काडी खुपसते. वैताग आलाय नुसता."

त्या दिवसांत नियम असा होता: ज्याने लस घेतली किंवा जो आजारातून बरा झाला, त्याच्या मोबाइलवर एक चौकोन येई. दारावरच्या यंत्राने तो वाचला की हिरवी खूण उमटे आणि माणूस खानावळीत, नाट्यगृहात, वृद्धाश्रमात न अडता आत जाई. बाकीच्यांची वृद्धाश्रमाच्या दारात तपासणी होई. पिवळी वही बघून तो चौकोन काढून द्यायचं काम औषधवाल्यांकडे होतं.

तालेयाला खरोखर आनंद झाला. वर्षभर चहाच्या प्रत्येक बैठकीत "मला टोचणारा अजून जन्माला यायचाय" म्हणणारा भाऊ शेवटी शहाणा झाला, असं तिला वाटलं. तिने वही उघडली. शिक्का होता, सही होती, तारीख होती. तारखेवर तिचं बोट थांबलं.

"चौदा जूनला घेतलीस?"

"लिहिलंय ना तिथं?"

"ओक्को, चौदा जूनला आपण बाबांना माती दिली."

तो हसला. "मग दुपारून घेतली असेन."

"दुपारी तू माझ्या शेजारी उभा राहून लोकांचे हात हातात घेत होतास."

"अगं, तारीख काय मी टाकली? ज्याने वही केली त्याने टाकली." त्याने आवाज खाली आणला. लाजेने नव्हे, मागे गोळ्यांच्या फळीशी कुणी उभं होतं म्हणून. "अर्ध्या मंडळाने त्याच्याकडूनच घेतल्यात. मुख्याध्यापकांनीसुद्धा. सगळी चांगल्या घरची माणसं आहेत, कुणी चोर नाहीत."

"समोर डॉक्टरकडे खरी मिळते. फुकट."

"प्रश्न तत्त्वाचा आहे, तालू."

हे तत्त्व जरा जवळून बघण्यासारखं आहे. लस घ्यायची नाही, काडीही घालून घ्यायची नाही, आणि खानावळीतलं खिडकीजवळचं टेबलही सोडायचं नाही. ज्यांना लस नको होती आणि जे त्यापायी खरोखरच घरी बसले, दारात तपासणी करून घेत राहिले, त्यांच्याशी वाद घालता आला असता. त्यांच्या हट्टाचा मान राखता आला असता. ओक्कोला हट्टही हवा होता आणि मेजवानीही. त्याचं बंड असं होतं, की त्याची झळ कायम दुसऱ्याला बसावी.

तालेयाने वह्या मिटून परत सरकवल्या. "उचल."

"बहीण आहेस की फौजदार?"

"उचल म्हटलं ना."

त्याने वह्या खिशात घातल्या आणि दार आपटून निघून गेला. संध्याकाळी कुटुंबाच्या गटावर त्याच्या मोबाइलचा फोटो आला. हिरवी खूण! शेजारच्या गावातल्या औषधवाल्याने वही नीट उघडून पाहिली नसावी. स्वांत्येने खाली तीन लाल बदाम टाकले होते.

दुसऱ्या दिवशी तालेयाने पोलीस चौकीत फोन लावला. ताम्मेन नावाचे वयस्क हवालदार होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कायदा असा आहे बघा, तालेयाबाई. खोटा दाखला सरकारी कचेरीला किंवा विमा कंपनीला दाखवला, तर गुन्हा. तुमचं दुकान सरकारी कचेरी आहे का?"

"नाही."

"विमा कंपनी?"

"ताम्मेनसाहेब, तुम्ही माझ्याकडून रक्तदाबाच्या गोळ्या नेता."

"तेच म्हणतोय मी. मग त्याने तुम्हाला नुसती एक वही दाखवली. वही दाखवणं हा काही गुन्हा होत नाही."

"आणि त्या वहीच्या जोरावर तो म्हाताऱ्या माणसांच्या खोल्यांत शिरला तर?"

"ते आश्रमवाले बघतील."

आश्रमवाल्यांनीही बघितलं नाही. तिथल्या प्रमुख फोल्केर्ट्सबाई दमलेल्या होत्या. माणसं कमी आणि कामं जास्त. "हिरवं आलं की आत सोडायचं, एवढा नियम आहे," त्या म्हणाल्या. "खरं-खोटं शोधणं आमच्याकडे नाही. मी तुमच्या भावाला दारात अडवलं, तर उद्या त्याचा वकील माझ्या दारात." इतका मोठा देश. इतके कायदेपंडित. दाखला कुणी द्यायचा, किती दिवस चालेल, कुठे दाखवायचा, सगळं कलमांत बसवलेलं. आणि खोटा निघाला तर काय करायचं, ते ज्याने त्याने पुढच्या टेबलाकडे ढकललेलं.

तालेया आईच्या खोलीत गेली. फेन्ना हार्म्स खिडकीशी बसून बंधाऱ्यावरच्या मेंढ्या बघत होती. तिने आदल्या हिवाळ्यात, अगदी सुरुवातीलाच लस घेतली होती. तिचा जोर आता ओसरला होता, आणि पुढची मात्रा नोव्हेंबरात मिळायची होती.

"आई, ओक्को आला की त्याला तोंडावरची पट्टी काढू देऊ नकोस."

"तो पापा घेतल्याशिवाय जात नाही गं. लहानपणापासूनची सवय त्याची."

"तरी पण."

"तुमचं काय बिनसलंय ते मला सांगू नकोस," म्हातारी म्हणाली. "तुम्ही दोघं येता, मला तेवढं पुरतं."

आईला ते खोट्या वहीचं सांगावं, असं तालेयाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मुलाची वाट बघत बसलेल्या त्या चेहऱ्याकडे बघून तिला ते सांगवलं नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला गायनमंडळाची खर्जाची रांग खोकू लागली. "गारठा बाधला," असं सगळ्यांचं एकमत झालं. त्या रविवारी ओक्को आलुबुखारचा केक घेऊन आश्रमात गेला. यंत्राने खूण केली. दारावरची मुलगी हसून बाजूला झाली. तो आईजवळ तासभर बसला, खोकला आला की रुमालात खोकला, आणि निघताना त्याने तिच्या दोन्ही गालांचे पापे घेतले.

मंगळवारी तो आजारी पडला. डॉक्टरने तपासणी केली आणि आजाराचं नाव पक्कं झालं. दोन दिवस ताप, मग बागेत लाकडं फोडायला तयार! आठवडा सरायच्या आत आश्रमाच्या त्या मजल्यावरची दारं एकेक करून बंद झाली. समोरच्या खोलीतले बोमगार्डन आजोबा गेले. कोपऱ्यातल्या खोलीतली, एके काळी शिवणकाम करणारी अंध म्हातारी गेली. आणि मग फेन्नाला धाप लागली.

तालेयाला अंगभर प्लास्टिक चढवून आत सोडलं. आईचा हात तिने हातमोज्यातून धरला. म्हातारीने बऱ्याच वेळाने डोळे उघडले.

"ओक्को बरा आहे ना गं? खोकत होता."

"बरा आहे, आई."

"त्याला म्हणावं, गळ्याला लोकर गुंडाळ."

त्यानंतर ती बोलली नाही. पहाटे गेली.

आजार कुणाकडून कुणाकडे गेला हे खात्रीने सांगता येणार नाही, असं आरोग्य खात्याने कळवलं. ते खरंही असेल. आश्रमात दिवसभर किती माणसं ये-जा करतात. तालेयालाही ते मान्य होतं. पण ओक्कोने त्या 'सांगता येणार नाही'ची उशी केली आणि तिच्यावर डोकं ठेवून गाढ झोपला.

फेन्नाची इच्छा दहनाची होती. ओक्कोचं विलगीकरण संपेपर्यंत कुटुंब थांबलं. मुलगा नसताना आईला मातीत कसं ठेवायचं? नोव्हेंबरच्या शेवटी अस्थिकलश बाबांच्या शेजारी मातीत ठेवला. त्याच आठवड्यात कायदा बदलला होता: खोटा दाखला आता कुठेही दाखवला तरी गुन्हा. फेन्नासाठी जरा उशीरच झाला होता.

स्मशानातून सगळे चहाला खानावळीत गेले. मालक दारात उभा राहून एकेकाचा चौकोन तपासत होता. काळा कोट घातलेल्या ओक्कोने मोबाइल पुढे केला. हिरवी खूण. तालेया त्याच्या अगदी मागे होती.

"अजून तेच दाखवतोयस?"

"हळू बोल. आठवड्याभरात खरा दाखला मिळतोय मला. आजारातून बरा झाल्याचा. एकदम पक्का, सरकारी. मग हे पुसून टाकतो." आणि बहिणीची समजूत घालावी तसा तिच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "झालं मग. सगळं नियमात बसेल."

तो मनापासून बोलत होता. ज्या आजाराने आईचा कलश झाला, त्याच आजाराचा त्याला दाखला मिळणार होता, आणि त्यात काही विपरीत आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

आत चहा ओतला जात होता. खडीसाखर कपात तडतडत होती. मंडळाची सगळी खर्जाची रांग हजर होती, मुख्याध्यापकांसह. ओक्को उठला, घसा साफ केला आणि बोलू लागला. "आईने आम्हाला कष्ट शिकवले. आईने आम्हाला सचोटी शिकवली..."

"बस कर, ओक्को," तालेया म्हणाली.

ती उभी राहिली होती. आवाज चढलेला नव्हता. "तुझा दाखला खोटा आहे. तो दाखवून तू खोकत आईपाशी गेलास. आता तोच दाखवून तिच्या चहाला आलास."

"आज? आजच्या दिवशी तुला हे सुचतं?" स्वांत्ये किंचाळली.

मुख्याध्यापक समजुतीच्या सुरात म्हणाले, "तालेया, तुझं दुःख आम्ही समजू शकतो. पण हे घरचं आहे, घरात बोला."

"घरचं असतं तर घरात राहिलं असतं. तुम्ही ते आश्रमात नेलंत. सर, तुम्ही लस कधी घेतलीत? कुठल्या महिन्यात? कुठल्या हाताला?"

मुख्याध्यापकांनी चमचा उचलला आणि न घातलेली साखर ढवळू लागले. रांगेतल्या कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. रविवारी हीच तोंडं चर्चमध्ये देवाच्या सत्याविषयी गात असत. कुणीतरी शेवटी चहावर घालायची साय पुढे सरकवायला सांगितली.

कोपऱ्यात आंत्ये बोमगार्डन बसली होती. समोरच्या खोलीतल्या आजोबांची बायको. तिने कप बशीत ठेवला आणि मुख्याध्यापकांना विचारलं, "तुम्ही त्या आठवड्यात आमच्या ह्यांच्याशी बुद्धिबळ खेळायला आला होता ना?"

मुख्याध्यापक चहाच ढवळत राहिले. म्हातारी काठी शोधू लागली. तालेयाने ती तिच्या हातात दिली, आणि दोघी उठून बाहेर पडल्या. मागे ओक्कोचा आवाज आला, "या दारातून गेलीस तर मला बहीण नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधी तालेया चौकीत गेली. ताम्मेन तिला बघून उठलेच. त्यांना कालचं सगळं कळलं होतं. ओस्टरझीलमध्ये कळायला वेळ लागत नाही.

"बसा. रागाच्या भरात आला असाल," ते म्हणाले. "दोन दिवस जाऊ द्या. गाव लहान आहे. दुकान चालवायचंय तुम्हाला इथं."

"आता गुन्हा आहे की नाही?"

"आहे."

"कालच्या दारातलं मी स्वतः पाहिलंय. मालकानेही. आता पुढच्या टेबलाकडे पाठवू नका, साहेब. पुढचं टेबल नाही."

ताम्मेननी संगणक पुढे ओढला.

"नाव काय लिहू?"

"ओक्को हार्म्स."

"तुमचं नातं?"

"भाऊ."

त्यांची बोटं थांबली. "सख्खा?"

"सख्खा," तालेया म्हणाली. "लिहा."